डेल्कोच्या टोपीखाली

जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीचा पन्नास वर्षांचा आढावा घ्या, असं संपादकांनी सांगितलं. घेतो, पण माझ्या पद्धतीनं. प्लग कसा काढतात हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी हा लेख ओलांडून सरळ वार्षिक राशिभविष्याकडे जावं.

आधी शब्दाबद्दल. आपल्याकडच्या गॅरेजांत डिस्ट्रिब्युटरला डेल्को म्हणतात, मग तो कुठल्याही कारखान्याचा असो. हे ‘डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी’चं लघुरूप. अमेरिकेतल्या ओहायोतल्या या कंपनीच्या चार्ल्स केटरिंगनं बॅटरी, कॉइल आणि पॉइंटची जी जुळणी बसवली, ती १९१० च्या सुमारास कॅडिलॅक गाडीत आली. कुर्ल्याच्या फियाट आणि पद्मिनीत, हिंदमोटरच्या अँबेसिडरमध्ये मूळ कल्पना तीच. कुर्ल्यातल्या ज्या पोऱ्याला डेटन नकाशात दाखवता आलं नसतं, त्याच्या तोंडी त्या गावाचं नाव दिवसातून वीसदा असे.

आता वादाकडे. मिस्त्रींचे दोन पंथ आहेत: पेट्रोलवाले आणि करंटवाले. गाडी झटका खाऊ लागली, मिसिंग मारू लागली, की पेट्रोलवाला आधी कार्ब्युरेटर उतरवतो. का? तो डोळ्यांसमोर असतो, त्याला बाहेरून स्क्रू असतात, आणि उघडून फुंकर मारली की गिऱ्हाइकाला काम झाल्यासारखं वाटतं. मी पहिल्यापासून करंटवाला. कार्ब्युरेटरच्या नावानं माझ्याकडे आलेल्या बहुतेक तक्रारी डेल्कोच्या टोपीखाली सापडल्या आहेत. एका सद्गृहस्थांनी मागे या विधानाला ‘म्हातारचळ’ म्हटलं होतं. त्यांची गाडी त्यानंतर दोनदा माझ्या दारात आली, एवढंच नोंदवतो.

टायमिंग हे माझं आवडतं प्रकरण, तेव्हा जरा बसून ऐका. मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर क्रँक सेकंदाला पन्नास वेळा फिरतो, म्हणजे अठरा हजार अंश. हवा-पेट्रोलचं मिश्रण पेटून त्याचा पुरता दाब व्हायला सेकंदाचे दोन-तीन सहस्रांश भाग लागतात. तेवढ्यात क्रँक चाळीस-पन्नास अंश पुढे निघून जातो. म्हणून ठिणगी पिस्टन वर पोचण्याआधीच पडावी लागते, आणि वेग वाढला की आणखी आधी. हे काम डेल्कोच्या पोटातली दोन वजनं करतात. पण पाय हलका ठेवून सपाट रस्त्यानं निघालात, तर सिलिंडरमध्ये मिश्रण विरळ भरतं आणि विरळ मिश्रण सावकाश जळतं. त्याला ठिणगी आणखी आधी हवी. ते व्हॅक्यूमचा डबा बघतो. कार्ब्युरेटरकडून एक बारीक नळी येते, डब्यातला पडदा ओढला जातो आणि पॉइंटची प्लेट थोडी फिरते. म्हणजे कार्ब्युरेटर आणि डेल्को ही दोन बिऱ्हाडं नव्हेतच, एकाच चुलीवर जेवणारी माणसं आहेत. पडदा फाटला, तर टायमिंगही मागे राहतं आणि नळीतून फुकटची हवा आत शिरून मिश्रणही बिघडतं. पेट्रोलवाला मग दिवसभर स्क्रू पिळतो. पडदा तपासायला यंत्र लागत नाही. नळी तोंडात धरून ओढा आणि जिभेनं बंद करा. जीभ चिकटून राहिली तर पडदा शाबूत.

याच प्लेटनं मला एकदा चांगलंच शिकवलं. एका डॉक्टरांची गाडी उभ्या-उभ्या घड्याळासारखी चाले. ॲक्सिलरेटर दाबला की झटका, सोडला की ठीक. लक्षण अगदी ॲक्सिलरेटर पंपाचं. आधीच्या तीन गॅरेजांनी कार्ब्युरेटर तीनदा उघडला होता, पंपाचा पडदा दोनदा बदलला होता. मीही करंटवाला असून फसलो आणि चौथ्यांदा उघडला. खंबाटकी घाटात गाडी ऐन चढावर बसली तेव्हा डोकं ताळ्यावर आलं. टोपी काढली. पॉइंटकडे जाणारी वायर वेष्टणाच्या आत तुटली होती, एक-दोन तारांवर लोंबत होती. थ्रॉटल उघडला की नळीत ओढ येई, प्लेट फिरे, वायर ताणली जाई आणि करंट जाई. पाय सोडला की तारा पुन्हा टेकत. वीतभर वायर! डॉक्टरांनी बिल विचारलं, मला आकडा सांगायची लाज वाटली.

म्हणून क्रम पाळा. आधी पॉइंट साफ करून गॅप, मग टायमिंग, सगळ्यात शेवटी कार्ब्युरेटर. गॅप वाढली की पॉइंट लवकर उघडतो आणि टायमिंग पुढे जातं. फायबरची टाच झिजली की गॅप कमी होते आणि टायमिंग मागे पडतं. टायमिंग मागे असलेलं इंजिन तापतं, लोक रेडिएटर धुऊन आणतात. पुढे गेलं तर चढावर नॉकिंग, आणि अँबेसिडरला हँडल मारताना उलटा फटका. अंगठा हँडलच्या बोटांच्याच बाजूला ठेवा हे आम्हाला वस्तादानं पहिल्या दिवशी शिकवलं होतं. टायमिंग लावायला एक छोटा बल्ब पुरतो. पुलीवरची खूण जुळवा, बल्बचं एक टोक पॉइंटच्या वायरला, दुसरं बॉडीला, आणि डेल्को रोटरच्या उलट दिशेनं हळूहळू फिरवा. बल्ब लागला तिथे थांबा.

कार्ब्युरेटरबद्दल लिहायला पेट्रोलवाले समर्थ आहेत. जेटमधला कचरा, निडल गळणं, फ्लोटची पातळी, हे सगळं त्यांनी लिहून ठेवलेलंच आहे. एवढंच सांगतो की वाईहून पसरणीचा घाट चढून महाबळेश्वरला गेलात, तर साडेचार हजार फुटांवर हवा विरळ होते आणि प्लग काळे पडतात. तिथे जेट बदलू नका, खाली उतरल्यावर गाडी आपोआप सुधारते.

हल्ली सल्ला मिळतो की पॉइंट फेकून इलेक्ट्रॉनिक किट बसवा. बसवा ना! पण झिजलेल्या बुशमध्ये डेल्कोचा दांडा डुलत असेल, वजनं गंजून अडकली असतील, तर किट ते बरं करत नाही. शिवाय पॉइंट बिघडले तर घाटात पॉलिश पेपरनं घासून घरी येता येतं. किट गेलं की दोरी शोधा.

ज्यांचं कौतुक व्हायला हवं होतं ते मुंबईच्या टॅक्सीचे मिस्त्री. टॅक्सी सीएनजीवर गेल्या तेव्हा हा वायू सावकाश जळतो हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. कानानं ऐकून त्यांनी टायमिंग पुढे घेतलं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली, वीस वर्षांची मुदत भरली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. ते कानही तिच्याबरोबर गेले. आजचा मुलगा स्कॅनर लावायला जागा शोधतो, जागा नसली की ‘गाडी काढून टाका’ म्हणतो.

त्यात आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. पेट्रोल जाळायला वजनानं साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला नऊ पट. जेट तोच ठेवला तर मिश्रण विरळ होतं, आणि पंपाचे जुने रबरी पडदे फुगतात ते वेगळंच. इथे मात्र पेट्रोलवाल्यांचं ऐका: जेट एक नंबर मोठा घ्या, पडदे नवे टाका. मग पुन्हा टायमिंग बघा.

प्रत्येक मॉडेलचे गॅपचे आणि टायमिंगचे आकडे वेगळे असतात, आणि आज ते लोक अंदाजानं ठोकून देतात. खरे आकडे कारखान्याच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये आहेत. तुमच्या वडिलांच्या ट्रंकेत, माळ्यावर, तेलाच्या डागांचं असं एखादं पुस्तक असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीत घालू नका. आधी झेरॉक्स काढून ठेवा, मग हवं तर मूळ प्रत माझ्याकडे पाठवा.