एकट्या उरलेल्या गिनीपिगास सोबती

जोडीचा बैल गेला म्हणजे मागें राहिलेला बैल कांहीं दिवस वैरणीस नीट तोंड लावीत नाहीं, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. कळपांत राहणाऱ्या जनावरास एकटेपण सोसत नाहीं. आज आम्ही हाच विषय एका फार लहान प्राण्याच्या संबंधानें मांडीत आहों. शहरांतील दुकानांतून गिनीपिग विकत मिळूं लागल्यापासून मुलांच्या हौसेखातर तो कांहीं शेतकरी घरांतही आला आहे. जोडी आणावी, दोहोंतील एक मरावा, आणि उरलेला पिंजऱ्याच्या कोपऱ्यांत अंग चोरून बसावा, खाणें कमी करावें, नेहमींची शीळ घालीनासा व्हावा, असा प्रकार मग घडतो. अशा वेळीं काय करावें ?

गिनीपिग हा ना गिनी देशाचा, ना डुकराच्या जातीचा. हा दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताच्या प्रदेशांतला, बिनशेपटीचा, कुरतडून खाणारा प्राणी होय. तेथील लोकांनीं हजारों वर्षांपूर्वीं तो मांसासाठीं माणसाळविला. तिकडे त्यास 'कुय' म्हणतात, आणि पेरू, बोलिव्हिया, इक्वादोर या देशांतील खेड्यांतून आजही तो कित्येक स्वयंपाकघरांत भाजीचीं देठें व हिरवा चारा खाऊन जमिनीवर मोकळा वाढतो. पण तो घोळक्यानें वाढतो. रानांतील त्याचे भाईबंदही एक नर, कांहीं माद्या व पिलें अशा लहान कुटुंबांनीं राहतात. सोळाव्या शतकांत तो यूरोपांत गेला, तेथें ताटांतून उठून मुलांच्या मांडीवर बसला, आणि तेव्हांपासून एकट्यानें पिंजऱ्यांत राहण्याची पाळी त्याजवर आली.

स्वित्झर्लंडांत १ सप्टेंबर २००८ पासून अमलांत आलेल्या प्राणिरक्षणाच्या नियमांनीं गिनीपिग एकटा ठेवण्यास बंदी केली. निदान दोन तरी पाहिजेत. नियम दयेचा खरा, पण त्यांतून एक पेंच निघाला. दोहोंतील एक मेला कीं मालकानें दुसरा आणावयाचा. तो वयानें लहान असला तर पुढें तोच एकटा उरणार, कीं पुन्हां तिसरा आणा. ज्यास हा शौक आतां पुरे झाला आहे, त्यानें या दोरीचें टोंक कोठें शोधावें ? त्या देशांत यावर भाड्यानें सोबती देण्याची तोड निघाली. प्राणी न्यावयाचा, त्याची रक्कम भरावयाची, आणि म्हातारा गिनीपिग मेल्यावर सोबती परत नेऊन दिला म्हणजे रकमेचा कांहीं भाग परत मिळावयाचा. ऐकून प्रथम हसूं येतें; पण एकेक बैल असलेले दोन शेतकरी वारंगुळ्यानें औत चालवितात, त्यापेक्षां यांत निराळें तें काय आहे ?

तथापि कोणताही सोबती चालेल असें समजूं नये. जर्मनींतील म्युन्स्टर विद्यापीठांत नॉर्बर्ट साक्सर व त्यांचे सहकारी यांनीं या प्राण्याच्या रक्तांतील कॉर्टिसोल, म्हणजे भीति व ताण यांमुळें वाढणारा रस, मोजून पाहिला. परक्या पिंजऱ्यांत ठेवलेल्या नराच्या रक्तांत तो एकदम वाढतो. त्याची जिव्हाळ्याची मादी जवळ असली तर पुष्कळ कमी वाढतो. अनोळखी मादीचा तसा उपयोग होत नाहीं. यावरून नवा सोबती आणल्या दिवशींच दुःख हरण करील अशी आशा व्यर्थ आहे. त्यास वेळ द्यावा लागतो. दुसरें असें दिसलें कीं, मोठ्या घोळक्यांत वाढलेले नर परक्या घोळक्यांतही निमूटपणें राहतात, आणि एकटे वाढलेले नर समोर येतांच भांडतात. म्हणून रंग व केंस पाहण्यापूर्वीं तो कोणाबरोबर वाढला हें विचारावें.

उरलेली मादी असेल तर खच्ची केलेला नर हा सर्वांत उत्तम सोबती. मात्र खच्चीकरणानंतर सहा आठवडे त्यास वेगळा ठेवावा, कारण तितके दिवस गर्भ राहण्याचा संभव असतो. दुसरी मादीही चालते. उरलेला नर असेल तर त्यासच खच्ची करून मग मादी द्यावी, किंवा शांत स्वभावाचा लहान नर जोडावा. खच्ची न केलेला नर व मादी एकत्र ठेवणें म्हणजे सुमारें ६८ दिवसांत पिलें, आणि व्याल्यावर कांहीं तासांतच मादी पुन्हां माजावर. शिवाय सात महिन्यांची होईपर्यंत जी कधीं व्याली नाहीं, तिच्या कटीचीं हाडें घट्ट होतात व पहिल्या वितीं ती मरण्याचा धोका असतो. पिलूं तीन आठवड्यांचें झालें कीं नर-मादी वेगळीं करावीं लागतात. नर कोणता व मादी कोणती याविषयीं दुकानदाराच्या शब्दावर न विसंबतां जनावरांच्या डॉक्टरांस दाखवावें.

सशाची सोबत पुष्कळ जण सुचवितात. ती देऊं नये. सशाच्या लाथेनें याचें हाड मोडतें, आणि सशास न बाधणारे खोकल्याचे जंतु यास फुप्फुसदाह करतात. खाणेंही निराळें. माणसाप्रमाणें गिनीपिगास क जीवनसत्त्व शरीरांत तयार करतां येत नाहीं (१९०७ सालीं नॉर्वेंत होल्स्ट व फ्रोलिख यांस स्कर्व्ही रोगाची उकल याच प्राण्यामुळें साधली). सशास तें बाहेरून लागत नाहीं. पेरू देशाच्या या पाहुण्यास आमच्याकडचा पेरू थोडा दिला तर मानवतो, कोथिंबीरही चालते. लसूणघास मात्र वाढत्या पिलांस व गाभण मादीस ठीक. थोराड जनावरास रोज घातल्यास मूतखडा होतो. त्याचें रोजचें अन्न साधें वाळलें गवत.

नवा प्राणी आणल्यावर दोन-तीन आठवडे दुसऱ्या खोलींत ठेवावा. नाक वाहणें, खाज, हगवण कांहीं नाहीं अशी खात्री झाल्यावर, दोघांसही परकी अशी मोकळी जागा निवडावी. जुन्याच्या पिंजऱ्यांत नव्यास एकदम सोडणें म्हणजे भांडणास आमंत्रण होय. मध्यें गवताचा मोठा ढीग टाकावा. लपावयास खोकीं ठेवावीं, पण प्रत्येकास दोन तोंडें असावींत. एकाच तोंडाच्या खोक्यांत दुबळा कोंडला जातो. मग स्वस्थ बसून पाहावें. घुरघुरणें, एकमेकांभोंवतीं फिरणें, पाठीवर चढणें, हा सर्व थोरला कोण तें ठरविण्याचा व्यवहार आहे. प्रत्येक चकमकीस घाबरून दोघांस वेगळे केलें तर दुसऱ्या दिवशीं सारें पहिल्यापासून सुरू होतें. दांत कडकडवून, मानेचे केंस उभारून दोघे एकमेकांवर झेंप घेऊं लागले, किंवा रक्त दिसलें, तरच जाड फडकें मध्यें टाकून सोडवावें. उघडा हात घालूं नये. जमलें म्हणजे पिंजरा स्वच्छ धुऊन दोघांस एकदमच त्यांत न्यावें, आणि पाण्याच्या बाटल्या व खाण्याचीं भांडीं दोन-दोन ठेवावीं. पुढील पंधरवडाभर दोघांचें वजन करीत जावें; एकाचें सारखें घटत असेल तर दुसरा त्यास खाऊं देत नाहीं असें जाणावें.

उरलेला प्राणी वृद्ध असेल आणि घरांत पुन्हां नवें जनावर नको असेल, तर जेथें पूर्वींच शांत घोळका आहे अशा घरीं तो देऊन टाकणें हें, मुलें रडलीं तरी, त्यास एकटें ठेवण्यापेक्षां बरें. देतांना त्याच्या सवयीचें गवत व खाणें आठवडाभर पुरेल इतकें बरोबर द्यावें. चारा एकाएकीं बदलला तर त्याचें पोट बिघडतें.