नॉर्थ डकोटाची लोकपेढी

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात, कॅनडाच्या सीमेला लागून, नॉर्थ डकोटा हे राज्य आहे. सपाट मैदाने, कडाक्याची थंडी, विरळ वस्ती आणि नजर पोहोचेल तेथवर गव्हाची शेते, असे त्याचे रूप. १८८९ साली त्याला घटकराज्याचा दर्जा मिळाला. परंतु आर्थिक कारभाराची सूत्रे परक्यांच्याच हाती राहिली. गहू पिके येथे आणि त्याचा भाव ठरे शेजारच्या राज्यातील मिनिॲपोलिसच्या बाजारात. धान्य वाहणारी आगगाडी, ते साठविणारी कोठारे, दळणाऱ्या गिरण्या आणि कर्ज देणारे सावकार, या सर्वांच्या नाड्या बहुतांशी बाहेरच्या कंपन्यांकडे होत्या. कोठारावर गहू हलक्या प्रतीचा ठरवून घेतला जातो आणि पुढे तोच चढ्या भावाने विकला जातो, ही शेतकऱ्यांची जुनी तक्रार होती.

या असंतोषाला १९१५ साली आर्थर टाउनली याने वाचा फोडली. जवसाच्या शेतीत तो स्वतःच कर्जबाजारी झाला होता. त्याने स्थापन केलेल्या ‘नॉनपार्टिझन लीग’ या संघटनेने नवा पक्ष काढला नाही. प्रचलित पक्षांच्याच प्राथमिक निवडणुकीत आपल्या विचाराचे उमेदवार उभे करावयाचे, ही तिची युक्ती. १९१६ साली लिन फ्रेझर हा शेतकरी राज्यपाल म्हणून निवडून आला. १९१८ च्या निवडणुकीनंतर विधिमंडळाची दोन्ही सभागृहे संघटनेच्या हाती आली आणि १९१९ साली सरकारी बँक व सरकारी गिरणी यांचे कायदे संमत झाले.

त्याच वर्षी जुलै महिन्यात, वीस लाख डॉलरांच्या भांडवलावर, बँक ऑफ नॉर्थ डकोटा सुरू झाली. लगेच विरोधही उसळला. बाहेरचे धनिक राज्याचे कर्जरोखे घेईनात. त्यातच महायुद्धानंतर गव्हाचे भाव कोसळले. १९२१ साली मतदारांनी फ्रेझरला मुदतीपूर्वीच पदावरून दूर केले. अमेरिकेत एखाद्या राज्यपालावर असा प्रसंग येण्याची ती पहिलीच वेळ. परंतु त्याच मतदारांनी बँक मोडण्यास मात्र नकार दिला! ग्रँड फोर्क्स येथील सरकारी पिठाची गिरणी तर १९२२ साली, विरोधकांच्याच अमदानीत सुरू झाली.

या बँकेची रचना समजून घेण्याजोगी आहे. राज्य सरकारचा पैसा तिच्यात ठेवला जातो आणि त्या ठेवींची हमी राज्यच देते. गावोगाव शाखा काढून ती स्थानिक बँकांशी स्पर्धा करीत नाही. उलट त्यांनी दिलेल्या कर्जात भागीदार होऊन त्यांचे बळ वाढविते. कराच्या रूपाने गोळा झालेला पैसा दूरच्या महानगरात न जाता राज्यातील शेतीला, उद्योगाला व विद्यार्थ्यांच्या शिक्षणाला उपयोगी पडावा, हा त्यातील हेतू. राज्यपाल, महाधिवक्ता व कृषी आयुक्त हे लोकनियुक्त तिघे तिच्यावर देखरेख करतात.

कंपन्यांचा शिरकाव रोखणारे कायदेही झाले. १९३२ साली जनमताने कंपन्यांना शेती करण्यास बंदी झाली. १९८१ साली कौटुंबिक कंपन्यांना तीतून सूट मिळाली. औषधाच्या दुकानात निम्म्याहून अधिक मालकी औषधविक्रेत्याचीच हवी, असा कायदा १९६३ साली आला. तो रद्द करण्याचा प्रस्ताव मतदारांनी २०१४ साली फेटाळला. दूध व वराहपालन या धंद्यांत कंपन्यांना मोकळीक देणारा कायदाही २०१६ साली जनतेने मोठ्या बहुमताने नाकारला. तथापि २०२३ साली विधिमंडळाने पशुपालनापुरते ते दार किलकिले केलेच.

गव्हाचा भाव आजही जगाच्या बाजारातच ठरतो. तो बदलणे एका राज्याच्या आवाक्यातले नव्हे. परंतु आपल्या ठेवी कोठे ठेवाव्यात आणि आपली जमीन कोणाच्या हाती द्यावी, हे प्रश्न घरातच सोडविता येतात, एवढे या शेतकऱ्यांनी ओळखले. राज्यकर्ते आले आणि गेले. पेढी मात्र शंभर वर्षे उलटूनही उभी आहे.