हुनर हाती आहे, शिक्षणाची जोड द्या

दहावीचा निकाल लागला की अनेक कारागीर घरांत एकच विचार सुरू होतो : मुलाला उस्तादाच्या हाताखाली घालावे की पुढे शिकवावे? मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या बाबतीत या दोन वाटा वेगळ्या मानू नयेत, असे आम्हाला वाटते.

एक उदाहरण घेऊ. एखाद्या यंत्राचा शाफ्ट पुन्हा पुन्हा एकाच जागी तुटतो. कारागीर तसाच नवा शाफ्ट लेथवर काढून बसवतो. काही दिवसांनी तोही तुटतो. इंजिनिअर आधी तुटलेली जागा पाहतो. शाफ्ट जिथे जाडचा बारीक होतो, तिथला कोपरा धारदार ठेवला तर ताण तिथेच एकवटतो आणि तडा तिथूनच जातो. त्या कोपऱ्याला गोलाई दिली की त्याच धातूचा, त्याच मापाचा शाफ्ट जास्त टिकतो. ‘कसे करायचे’ हे हाताला माहीत असते. ‘का’ हे शिक्षण सांगते.

या अभ्यासक्रमात धातूंची ताकद, इंजिन व उष्णता, पंप व द्रवांचा दाब, गिअरची गती आणि उत्पादनाच्या पद्धती शिकवतात. सर्वांचा पाया गणित आणि ड्रॉइंग. ज्या वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग वाचणारा कोणी नाही, त्याला कंपनीचे काम थेट मिळणे कठीण. ते मधल्या माणसाकडून, त्याच्या भावाने घ्यावे लागते. मेहनत आपली आणि नफा दुसऱ्याचा, हे किती दिवस चालवायचे?

वाटा अनेक आहेत. आयटीआयमध्ये फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे कोर्स 2 वर्षांचे, वेल्डरचा 1 वर्षाचा. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा 3 वर्षांचा. बारावी सायन्सनंतर सीईटी देऊन 4 वर्षांची पदवी. नियमांत बसल्यास 2 वर्षांचा आयटीआय केलेल्यांना डिप्लोमाच्या आणि डिप्लोमावाल्यांना पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळतो. मुंबईत भायखळ्याला अंजुमन-ए-इस्लामचे साबू सिद्दीक पॉलिटेक्निक आहे. सरकारी पॉलिटेक्निक अनेक जिल्ह्यांत आहेत.

उशीर झाला म्हणून हिंमत हरू नये. खाणीवर राबणारा जॉर्ज स्टीफन्सन वयाच्या 18 व्या वर्षी लिहा-वाचायला शिकला. पुढे रेल्वे इंजिने बांधून त्याने नाव कमावले, आणि 1847 मध्ये इंग्लंडात मेकॅनिकल इंजिनिअरांची संस्था निघाली तेव्हा पहिला अध्यक्ष तोच झाला.

मात्र नुसत्या पदवीने नोकरी मिळतेच असे नाही. प्रवेशापूर्वी कॉलेजचे वर्कशॉप स्वतः पाहा : लेथ चालू आहेत का, सीएनसी मशीनवर मुलांना हात लावू देतात का, हे विचारा. आठवीपासून मुलाचे, मुलीचेही, गणित पक्के करा. आणि सुटीत त्यांना आपल्या वर्कशॉपमध्ये जरूर बसवा. पुस्तकातले तिथे लवकर उमगते.