दूध ‘बिकेम बॅड’ का होत नाही?

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी यवतमाळ, पुसद, वणीकडची चांगली हुशार पोरंही ‘दूध नासलं’चं ‘मिल्क बिकेम बॅड’ करतात. व्याकरणात चूक नाही, पण इंग्रज तसं म्हणत नाही; तो ‘वेंट बॅड’ म्हणतो.

‘गो’ बहुधा बिघाडाच्या बाजूला: गो ब्लाइंड, गो बँकरप्ट, गो मिसिंग. रंग पालटला की ‘टर्न’. कपाशीवर लाल्या आला की पानं कडांकडून पिवळी, मग तांबडी व्हायला लागतात. तिथं ‘द लीव्ह्ज टर्न रेड’ हेच शोभतं. भिजणं, दमणं, रागावणं या रोजच्या गोष्टींना ‘गेट’ पुरतं. स्वप्न मात्र ‘कम ट्रू’.

शब्द सुटा पाठ करू नये, जोडीच वहीत उतरवावी, आणि वाक्य आपल्या शेताघरातलं घ्यावं. मराठीतही वेड ‘लागतं’, दिवाळं ‘निघतं’, टक्कल ‘पडतं’. ते आपण ऐकूनच शिकलो. कधी दोन्ही भाषा जुळतातही: आपण आजारी पडतो, तेही ‘फॉल इल’ म्हणतात. पण झोप आपल्याला लागते, त्यांच्याकडे माणूस झोपेतही पडतोच, ‘फॉल अस्लीप’.