गाडी चालविताना पायात काय असावे?

वाचकबंधूंपैकी पुष्कळजण आज धंद्यासाठी स्वतः गाडी चालवितात. कोणाची व्हॅन आहे, कोणाचा छोटा टेम्पो, कोणाची टॅक्सी. टायर, ब्रेक ऑइल, इन्शुरन्स या सर्वांची आपण चौकशी करतो. पायात काय घालून बसलो आहोत याची मात्र कोणी करीत नाही. मीही करीत नव्हतो.

मागील वर्षी भिवंडीहून कापडाचे तागे घेऊन चेंबूरला परतत असताना अमर महलजवळ पुढची रिक्षा थांबली. मी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलून ब्रेककडे नेला, पण बुटाची रुंद कड ब्रेकच्या पेडलला खालून अडली. पाय सुटेपर्यंत गाडी रिक्षाला भिडली होती. आत एक बाई व तिचे लहान मूल होते. अल्लाहच्या कृपेने कोणाला खरचटलेही नाही. रिक्षाचा मागचा दिवा व पत्रा यांचे पैसे मी तेथेच दिले. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकवर ओरडलो, की ब्रेक लागत नाही. त्याने गाडी चालवून पाहिली, माझ्या पायाकडे पाहिले व म्हणाला, "सेठ, ब्रेक ठीक आहे, बूट बदला." मुलाने ईदला घेऊन दिलेले जाड फोमच्या सोलचे बूट होते ते. चालायला त्याहून आरामशीर बूट मी घातलेले नाहीत, हेही खरे.

आता यातील कारण समजून घ्यावे. गाडी चालविताना टाच जमिनीवर टेकलेली असते व पंजा पेडलवर काम करतो. क्लच कोठे पकडतो, ब्रेक किती दाबला गेला, हे डोळ्यांना दिसत नाही, तळपायालाच कळते. सोल जाड व नरम असेल तर पाय दाबताच आधी फोम दबतो, मग पेडल. सायन-ट्रॉम्बे रोडवर संध्याकाळी हाफ क्लचवर गाडी सरकविणाऱ्याला विचारा. जाड सोलमध्ये क्लच गरजेपेक्षा जास्त वेळ अर्धवट दाबलेला राहतो व प्लेट घासते. ऑटोमॅटिक गाडीत क्लच नसला तरी ब्रेक व ॲक्सिलरेटर शेजारी असतातच, आणि रुंद बूट दोन्हींवर एकदम पडू शकतो.

ब्रिटनमधील आर.ए.सी. या जुन्या मोटार संस्थेचा सल्ला असा, की सोल दहा मिलिमीटरपेक्षा जाड नसावा, पण फार पातळ व अगदी नरमही नसावा; त्याला पकड असावी, बूट जड नसावा व घोट्याची हालचाल अडवू नये. इटलीत १९६३ साली जियान्नी मोस्तिले यांनी सोलला रबराचे गोल ठिपके बसविलेला बूट खास मोटार चालविणाऱ्यांसाठी काढला. पुढे टॉड्स कंपनीचा १३३ ठिपक्यांचा बूट जगभर गाजला. त्या एका जोडीच्या किमतीत आपल्याकडे लग्नघरातील सर्वांचे बूट येतील. त्याच धर्तीचे साधे लोफर मात्र आपल्या बाजारात सहज मिळतात.

चेंबूरकरांना तर दूर जाण्याचीही गरज नाही. चेंबूर व कुर्ला पूर्वच्या सीमेवर ठक्कर बाप्पा कॉलनी आहे. ज्यांचे नाव या वस्तीला आहे ते अमृतलाल ठक्कर मुंबई नगरपालिकेत इंजिनिअर असताना कुर्ल्यातील सफाई कामगारांची हालत पाहून अस्वस्थ झाले व १९१४ साली नोकरी सोडून भारत सेवक समाजात गेले. या वस्तीत राजस्थानातून आलेली कारागीर कुटुंबे पिढ्यान् पिढ्या बूट-चपला बनवितात. लहान खोल्यांत रापी चालते, फर्म्यावर वरचा भाग ताणला जातो, सोल चिकटविला जातो, आणि तोच माल पुढे झगमगीत दुकानांत दुप्पट भावाने विकला जातो.

मी तेथे गेलो तेव्हा पुढे ठेवलेल्या बहुतेक जोड्या जाड सोलच्या होत्या. कारागीर म्हणाला, "चाचा, आज तरुण गिऱ्हाईक जाड सोलच मागते, पातळ माल पडून राहतो." हे ऐकून व्यापारी म्हणून मला बरेच वाटले. पडून राहिलेल्या मालाचा भाव करता येतो! माझी जोडी साडेचारशे रुपयांत पडली. कराचेही ध्यानात ठेवावे. १ जानेवारी २०२२ पासून हजार रुपयांपर्यंतच्या जोडीवर जी.एस.टी. ५ वरून १२ टक्के झाला होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या जोडीवर तो पुन्हा ५ टक्के आहे. दुकानदार जुना दर लावीत असल्यास बिल मागावे.

निवडताना मी कापडाचीच रीत वापरतो. कापडाचा पोत आपण अंगठा व बोट यांत धरून पाहतो, तसाच सोल पंजाच्या जागी चिमटीत धरावा. आतून अंगठा दाबला तर बाहेर बोटाला कळला पाहिजे. मग बूट वाकवून पाहावा: पुढून सहज वाकावा, मध्येच मुडपू नये. सोलची कड वरच्या भागाच्या बाहेर आलेली नको. माझा घात त्या कडेनेच केला होता. तळ ओल्या फरशीवर घासून पाहावा. साधे कॅनव्हासचे बूट, शाळेतील मुले पी.टी.ला घालतात तसे, या कसोटीला बहुधा उतरतात व सर्वांत स्वस्त पडतात. मोजडी किंवा कोल्हापुरी दिसायला पातळ, पण चामड्याचा तळ रबरी पेडलवरून घसरतो, पावसाळ्यात तर नक्कीच. हवाई चप्पल टाचेतून सुटते व पेडलखाली अडकते.

आपल्या लोकांच्या एका सवयीबद्दल लिहिणे भाग आहे. नमाजसाठी वारंवार बूट काढावे लागतात, म्हणून आपण टाच दुमडून बुटाची सपाता करून टाकतो. मशिदीच्या पायरीवर ते सोयीचे आहे, पेडलवर धोक्याचे. लेस नसलेला, बाजूला इलॅस्टिक असलेला बूट घ्यावा. काढायला सोपा, पायात घट्ट. गाडीसाठी एक जोडी वेगळी ठेवावी, कारण पातळ सोलने दिवसभर बाजार हिंडल्यास टाचा दुखतात. पण काढलेली जोडी ड्रायव्हरच्या पायाशी कधीही टाकू नये. ती घरंगळून ब्रेकखाली गेली तर ब्रेक दाबलाच जात नाही. सीटच्या मागे पिशवीत ठेवावी.

ज्यांना जुनी शुगर आहे व पाय बधिर होतात त्यांनी पातळ सोलच्या मागे लागू नये. तळपायालाच कळत नसेल तर पातळ सोलचा उपयोग नाही, उलट जखम होण्याची भीती. त्यांनी गाडी चालविण्याबद्दलच डॉक्टरांना विचारावे.

चपलेवर दंड होतो, अशी बोलवा २०१९ साली नवे दंड लागू झाले तेव्हा उठली होती. नितीन गडकरी यांच्या कार्यालयाने त्याच सप्टेंबरात खुलासा केला, की चप्पल घालून गाडी चालविल्याबद्दल चलान होत नाही. माझ्या टेम्पोचा ड्रायव्हर हा खुलासा मला पुन्हा पुन्हा ऐकवीत असे. तो बारा महिने हवाई चपलेत टेम्पो हाकतो. मी त्याच्या मापाची एक जोडी आणून सीटवर ठेवली व पगारातून कापणार नाही असे सांगितले. आठ दिवस त्याने ती घातली नाही. नवव्या दिवशी भिवंडीहून माल उतरविताना पाहिले तर बूट पायात होते. मी काही बोललो नाही. तोच म्हणाला, "सेठ, घाटकोपरच्या जॅममध्ये आज पाय कमी दुखला. पण अर्धा नंबर मोठा आणलात." पुढच्या जुम्याला मी तो बदलून आणला.