न्यू ऑर्लिन्सची परिषद आणि परळची रांग

रक्ताचा कर्करोग हे शब्द उच्चारले की आपल्या वस्तीत आजही बोलणाऱ्याचा आवाज खाली येतो. घरातले दार लोटून घेतात. नातेवाईक भेटायला येतात ते जणू निरोप घ्यायलाच. या भीतीला एके काळी आधार होता. आता तो पूर्वीसारखा उरलेला नाही, आणि हे आपल्या घराघरांत कळले पाहिजे. विज्ञान पुढे गेले आणि आपली समजूत मागेच राहिली, तर त्या विज्ञानाचा आपल्याला उपयोग काय?

ही गोष्ट एका परिषदेपासून सांगता येते. रक्तविकारांच्या तज्ज्ञांची ‘अमेरिकन सोसायटी ऑफ हेमॅटॉलॉजी’ ही संस्था दर डिसेंबरमध्ये वार्षिक परिषद भरवते. जगभरातून हजारो डॉक्टर आणि संशोधक तेथे जमतात. वर्षभरात कोणते औषध कोणत्या रुग्णांना दिले, किती बरे झाले, किती दगावले, याचा हिशेब सर्वांसमोर मांडावा लागतो. तेथे कोणाच्या नावाचा दबदबा चालत नाही. कोणीही उठून पुरावा मागू शकतो. डोळे मिटून विश्वास ठेवू नका, तपासून पाहा, ही तथागतांची शिकवण मानणाऱ्या आपल्या समाजाला ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही.

एकतीसपैकी एकतीस

डिसेंबर १९९९ मध्ये ही परिषद अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात भरली होती. ओरेगॉन राज्यातील पोर्टलँडचे डॉ. ब्रायन ड्रुकर तेथे एका नव्या गोळीचे निष्कर्ष मांडायला उभे राहिले. गोळीला तेव्हा धड नावही नव्हते, नुसता क्रमांक होता. आजार होता ‘क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया’, म्हणजे सावकाश वाढत जाणारा, पण अखेरीस जीव घेणारा रक्ताचा कर्करोग. ज्यांच्यावर आधीच्या इंजेक्शनांचा उपयोग झाला नव्हता अशा रुग्णांना ही गोळी दिली होती. रोज ३०० मिलिग्रॅम वा त्याहून अधिक मात्रा घेतलेल्या ३१ रुग्णांपैकी ३१ जणांच्या रक्तातील पेशींची संख्या पूर्ववत झाली होती. कर्करोगाच्या औषधाबाबत असा आकडा कोणी ऐकला नव्हता.

त्याच वर्षी आणखी एक घटना घडली. चाचणीसाठी गोळ्या अपुऱ्या पडत होत्या आणि अनेक रुग्ण वाट पाहत होते. तेव्हा कॅनडातील माँट्रियल शहरातील एका रुग्ण तरुणीने इंटरनेटवरून सह्यांची मोहीम उघडली. तीन हजारांहून अधिक सह्या गोळा झाल्या आणि कंपनीला उत्पादन वाढवावे लागले. मागितल्याशिवाय मिळत नाही, हा आपल्या चळवळीचा अनुभव तेथेही खरा ठरला. १० मे २००१ रोजी अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. त्याचे नाव इमॅटिनिब.

आजाराचे मूळ कोठे?

आपल्या हाडांच्या आतील मगजात रक्त तयार होते. तेथे पांढऱ्या पेशी बेसुमार वाढू लागल्या की तांबड्या पेशींना आणि प्लेटलेट्सना जागा उरत नाही. मग अशक्तपणा येतो, ताप हटत नाही, रक्तस्राव होतो. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातील नॉवेल आणि हंगरफोर्ड या संशोधकांना १९६० मध्ये अशा रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसले. शिकागोच्या डॉ. जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये त्याचा उलगडा केला. नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून एकमेकांच्या जागी चिकटतात. त्यातून एक विकृत प्रथिन बनते, आणि ते पेशींना ‘वाढत राहा’ असा हुकूम अखंड देत राहते. बटण दाबलेलेच राहावे, तसा हा प्रकार. इमॅटिनिबची गोळी त्या प्रथिनाच्या खाचेत जाऊन बसते आणि हुकूम थांबवते. जुन्या औषधांसारखी ती निरोगी पेशींची सरसकट कत्तल करीत नाही.

दुःख आहे, दुःखाला कारण आहे, त्या कारणाचा निरोध होऊ शकतो आणि त्याला मार्ग आहे, ही मांडणी आपण विहारात ऐकतो. या आजारात कारण सापडायला १९६० ते १९७३ आणि मार्ग सापडायला आणखी पाव शतक लागले. पूर्वजन्मीचे पाप, करणी, देवीचा कोप यांना या साखळीत कोठेही जागा नाही. हा आजार स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने किंवा शेजारी बसल्याने होत नाही. रुग्णाला वेगळे काढण्याचे पाप मात्र आपल्या हातून होऊ नये. विटाळाचा चटका काय असतो, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

गिरणगावातील आयांचे ऋण

रक्ताच्या कर्करोगावरील औषधांच्या इतिहासात मुंबईतील श्रमिक स्त्रियांचाही वाटा आहे, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. १९२८ मध्ये डॉ. ल्युसी विल्स या इंग्रज संशोधिका मुंबईत आल्या. परळच्या हाफकिन संस्थेतून त्यांनी गरीब घरांतील आणि कापड गिरण्यांत राबणाऱ्या गर्भवतींचा अभ्यास केला. या बाया गरोदरपणी पांढऱ्याफटक पडून दगावत असत. हा दोष जंतूंचा नसून निकृष्ट आहाराचा आहे, आणि यीस्टच्या अर्काने तो भरून निघतो, असे विल्स यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील जीवनसत्त्व म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फॉलिक अ‍ॅसिड. आज आपल्या लेकी-सुनांना गरोदरपणात सरकारी दवाखान्यातून जी गोळी मिळते, तिच्यात हेच असते.

योगायोग असा की त्याच १९२८ साली बाबासाहेब मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती रजेच्या विधेयकाच्या बाजूने बोलायला उभे राहिले होते. एकीकडे त्या आयांच्या रक्ताचा अभ्यास चालला होता आणि दुसरीकडे त्यांच्या हक्काची बाजू मांडली जात होती.

पुढे बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांच्या ध्यानात आले की ल्युकेमिया झालेल्या मुलांना फॉलिक अ‍ॅसिड दिले तर आजार उलट बळावतो. मग त्याच्या विरुद्ध काम करणारे औषध दिले तर? असे औषध बनवणाऱ्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरमला जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. फार्बर यांनी १९४८ मध्ये १६ मुलांचे निष्कर्ष छापले. त्यांतील १० मुलांचा आजार काही काळ मागे हटला होता. ती सुधारणा टिकली नाही, पण रक्ताच्या कर्करोगावर औषध लागू पडू शकते हे सिद्ध झाले. आजच्या केमोथेरपीच्या पायातला हा एक दगड आहे.

औषध आहे, पण कोणासाठी?

इमॅटिनिब आले, पण त्याची महिन्याची किंमत भारतात लाखाच्या वर होती. भारतीय कंपन्यांनी तेच औषध दहा हजारांच्या आसपास द्यायला सुरुवात केली. मूळ कंपनी नोव्हार्टिसने आपल्या गोळीवर भारतात पेटंट मागितले. आपल्या पेटंट कायद्यात २००५ मध्ये घातलेले कलम ३(ड) असे सांगते की जुन्याच औषधाचे रूप किंचित बदलले आणि त्याची गुणकारकता वाढली नाही, तर नवे पेटंट मिळणार नाही. लढा अनेक वर्षे चालला. मुंबईतील कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रुग्णांसाठी झटणारी संस्था या लढ्यात कंपनीच्या विरोधात उभी होती. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे अपील फेटाळले. कंपनी बऱ्याच रुग्णांना मोफत गोळ्या देत होती, हेही सांगितले पाहिजे. पण दान आणि हक्क यांत अंतर असते. दान देणाऱ्याच्या मर्जीवर चालते, हक्क कायद्यावर उभा राहतो. ही ओळ आपल्याला घटनेने शिकवली आहे.

गोळीचा गुण टिकला काय? सुरुवातीच्या मोठ्या चाचणीतील रुग्णांचा हिशेब २०१७ मध्ये छापून आला. इमॅटिनिबने उपचार सुरू केलेल्यांपैकी १० वर्षांनंतर सुमारे ८३ टक्के हयात होते. ज्या आजारात माणसे वर्षे मोजत बसत, त्या आजारात आता माणसे नोकरी करतात, मुलांची लग्ने लावतात.

आपल्याकडील वाटचाल

टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून परळला उभे आहे. तेथे १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. ल्युकेमिया झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली गेली. बालपणी पोलिओ झालेले डॉ. अडवाणी स्वतः चाकांच्या खुर्चीवरून रुग्ण तपासत आले आहेत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने १९९८ पासून एका विशिष्ट ल्युकेमियावर आर्सेनिकचा, म्हणजे सोमलाचा, नियंत्रित मात्रेत वापर करून कमी खर्चात रुग्ण बरे केले. (कोणी वैदू सोमल देऊ लागला तर तो घेऊ नये. रुग्णालयातील औषध आणि पुडीतील विष यांत जीवनमरणाचे अंतर आहे.)

अलीकडची गोष्ट म्हणजे ‘कार-टी’ उपचार. रुग्णाच्याच रक्तातील संरक्षक पेशी काढून प्रयोगशाळेत त्यांना कर्करोगाची पेशी ओळखायला शिकवतात आणि परत शरीरात सोडतात. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून घडलेल्या अशा पहिल्या भारतीय उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. परदेशात कोटींच्या घरात जाणारा खर्च येथे लाखांवर आला. पण लाख म्हणजेही रोजंदारीवरच्या माणसाला आभाळच. ही लढाई अजून बाकी आहे.

घरात काय करावे?

दोन-तीन आठवडे न हटणारा ताप, वाढता फिकटपणा, हिरड्यांतून रक्त, अंगावर उगाच उठणारे निळे-लाल डाग, मुलांची हाडे दुखणे, मानेत किंवा काखेत गाठी, डाव्या बरगडीखाली जडपणा, यांपैकी काही दिसले तर प्रथम रक्ततपासणी करावी. ‘सीबीसी’ आणि काचपट्टीवरील रक्ताची तपासणी कमी खर्चात होते. अशा दहा रुग्णांतील बहुतेकांना दुसराच काही आजार निघेल, तरी शंका मिटेल. अंगारा-धुपाऱ्यात गेलेले दोन महिने मात्र परत मिळत नाहीत. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराने तरी ते घालवू नयेत.

दुसरे, उपचार अर्धवट सोडू नये. लहान मुलांच्या ल्युकेमियाचा उपचार दोन-तीन वर्षे चालतो. मूल खेळू लागले की आईबापांना वाटते, झाले बरे. आजार तेथेच दबा धरून असतो.

तिसरे, पैशासाठी शेत किंवा मंगळसूत्र विकण्याआधी रुग्णालयातील समाजसेवा विभागात जावे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार बसतात. योजनेतील रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ असतो, त्याला शिधापत्रिका आणि आधार कार्ड दाखवून विचारावे. विदर्भ-मराठवाड्यातून परळला येणाऱ्यांसाठी दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. जागा अपुरी पडते आणि फुटपाथवर झोपलेली कुटुंबे आजही दिसतात, हे लाजिरवाणे आहे. तरी चौकशी करावी.

१४ एप्रिल नंतरचे ३६४ दिवस

शेवटी एक सूचना, आपल्या तरुण मंडळांसाठी. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला आपण रक्तदान शिबिरे भरवतो, ती भरवावीतच. पण ल्युकेमियाच्या रुग्णाला वरचेवर लागतात त्या प्लेटलेट्स, आणि त्या साठवल्या तर पाचच दिवस टिकतात. जयंतीला दिलेल्या प्लेटलेट्स मे महिन्यात कोणाच्या कामी येणार? म्हणून प्रत्येक विहारात एक वही ठेवावी. नाव, रक्तगट, फोन नंबर. ज्यांची तयारी असेल त्यांची आठवडे वाटून नोंद करावी. यंत्राने रक्त काढतात, प्लेटलेट्स वेगळ्या करतात आणि उरलेले रक्त परत शरीरात सोडतात. तासा-दीड तासाचे काम. निरोगी माणसाला काही दिवसांनी पुन्हा देता येतात. अस्थिमज्जा दात्यांच्या नोंदणीतही नावे द्यावीत. सख्ख्या भावंडाची मज्जा पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. बाहेरचा जुळणारा दाता बहुधा सारख्या वंशपरंपरेच्या माणसांत सापडतो. त्या नोंदणीत आपली नावे नसतील, तर आपल्या मुलांना दाता मिळणार कोठून?

अतिसाराने मळलेल्या, सर्वांनी टाकलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतःच्या हातांनी आंघोळ घातली, ही विनयातील कथा आपल्याला पाठ आहे. तिचा आजचा अर्थ त्या वहीत एक नाव लिहिण्याइतका साधा आहे. येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर वही उघडावी, आणि पहिले नाव मंडळाच्या अध्यक्षांनी लिहावे.