भरती अडविलेलें बंदर : ब्रिस्टलच्या धक्क्यावरून एक फेरी



एखाद्या शहराची ओळख करून घ्यावयाची तर राजवाड्यापासून आरंभ न करितां बंदरापासून करावा, असें माझें मत आहे. राजवाड्यांत शहराचें ऐश्वर्य दिसतें. तें ऐश्वर्य कोठून आलें, कोणाच्या श्रमानें आलें आणि कोणाच्या दुःखावर उभें राहिलें, हें बंदरांत दिसतें. आज मी आपणांस इंग्लंडच्या पश्चिम भागांतील ब्रिस्टल शहराच्या जुन्या बंदरावरून फिरवून आणणार आहें. आपल्यांतील कित्येकांचीं मुलें-नातवंडें विद्याभ्यासासाठीं वा नोकरीसाठीं त्या देशांत असतात. त्यांच्याकडे जाण्याचा योग आला तर ही फेरी वाटाड्यावांचून करतां येते. पायांत चांगले जोडे आणि हाताशीं अर्धा दिवस असला म्हणजे झालें.

चालूं लागण्यापूर्वीं एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. नाहीं तर पुढचें सारें नुसतें देखावे पाहणें होईल. ब्रिस्टल हें समुद्राच्या कांठीं वसलेलें नाहीं. तें एव्हन नदीवर, समुद्रापासून कांहीं मैल आंत आहे. ही नदी जेथें खाडीस मिळते तेथें भरती आणि ओहोटी यांच्या पातळींतील अंतर उधाणाच्या दिवशीं सुमारें ४० फूट असतें. आपल्या मुंबईस हेंच अंतर मोठ्या उधाणालाही पंधरा-सोळा फुटांच्या घरांत असतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे या आकड्याचें नवल कळेल. परिणाम असा होई कीं, भरतीच्या पाण्यावर जहाज शहरापर्यंत चढून येई आणि सहा तासांनीं तेंच जहाज चिखलांत कलंडून बसे. सांगाडा कच्चा असेल तर फळ्या उकलत. माल नीट बांधलेला नसेल तर तो एका बाजूस कोसळे. नीटनेटक्या व्यवस्थेला इंग्रजी बोलण्यांत ‘ब्रिस्टलची तऱ्हा’ म्हणतात, त्याचें मूळ या चिखलांत आहे असें सांगतात.

यावर उपाय काढला विल्यम जेसप नांवाच्या इंजिनियरनें. त्यानें नदीला सुमारें दोन मैल लांबीचें नवें पात्र खणून दिलें आणि भरती-ओहोटीचा सारा दंगा त्यांतून वाहूं दिला. शहरांतील जुन्या पात्राला मात्र बंधारे आणि दरवाजे घालून तें कायमचें भरलेलें ठेविलें. १८०४ सालीं आरंभिलेलें हें काम १८०९ सालीं पुरें झालें, आणि शहराच्या मध्यभागीं सुमारें ७० एकरांचें स्थिर पाणी निर्माण झालें. त्यांत जहाज सदैव तरंगत राही, म्हणून त्यास ‘तरंगतें बंदर’ हें नांव मिळालें. आपण ज्या पाण्याच्या कांठानें चालणार आहों तें हें.

आरंभ ‘सेंटर’ या नांवाच्या चौकापासून करावा. तेथें कारंजीं आहेत, बाकें आहेत, रहदारी आहे. परंतु आपल्या पायांखालून फ्रोम नदी वाहत आहे हें सांगितल्यावांचून कोणास कळणार नाहीं. एके काळीं येथें डोलकाठ्यांची दाटी असे. १८९३ मध्यें आणि पुन्हा १९३८ मध्यें या पाण्याचा एकेक तुकडा झांकून त्यावर रस्ता केला. ही गोष्ट मनांत ठेवावी. पुढें तिचें काम पडेल.

चौक संपतो तेथें पाणी सुरू होतें. पाण्याकडे तोंड करून उभें राहिलें असतां उजव्या हातास मालाच्या जुन्या कोठ्यांची रांग दिसते. त्यांत १९८२ पासून ‘वॉटरशेड’ नांवाचें चित्रपटगृह व कलाकेंद्र आहे. थोडें पुढें गेलें कीं एक पायपूल लागतो. त्यावरील दोन प्रचंड कर्णे शोभेचे वाटतात. पण पुलाचा मधला भाग बोटींसाठीं उचलला जातो तेव्हां तोल सांभाळणारीं तीं वजनें आहेत. १९९९ सालीं बांधलेल्या या पुलास पेरो जोन्स याचें नांव दिलें आहे. हा कोणी सरदार नव्हे, सेनापति नव्हे. कॅरिबियन समुद्रांतील बेटावर उंसाचे मळे असलेल्या जॉन पिनी या धनिकानें १७८३ मध्यें ब्रिस्टलला आणलेला तो एक गुलाम होता.

येथें क्षणभर थांबावें. १६९८ ते १८०७ या काळांत ब्रिस्टलहून २,००० हून अधिक जहाजी सफरी गुलामांच्या व्यापारासाठीं निघाल्या, आणि सुमारें पांच लाख आफ्रिकन स्त्री-पुरुषांना त्यांनीं गुलाम करून नेलें. जातांना कापड, पितळ, बंदुका. मधल्या टप्प्यांत माणसें. येतांना साखर, तंबाखू, दारू, असा तो व्यवहार. त्यांत धन मिळविलेल्या एडवर्ड कोल्स्टनचा पुतळा दानशूर म्हणून १८९५ सालीं आपण नुकताच सोडला त्या सेंटरमध्यें उभारला गेला. ७ जून २०२० रोजीं जमावानें तो पाडला, रस्त्यानें ओढीत आणिला आणि या पेरो पुलाजवळच पाण्यांत लोटला. कांहीं दिवसांत नगरपालिकेनें तो वर काढला. पण त्याच्या जागीं तो पुन्हा उभा केला नाहीं. त्याचें काय झालें तें पुढच्याच मुक्कामीं दिसेल.

पूल ओलांडून उजवीकडे वळावें. कोपऱ्यावरील दगडी इमारत पूर्वीं चहाची वखार होती. १९७५ पासून तींत ‘आर्नोल्फिनी’ ही कलादालनाची संस्था आहे. तेथून फिरत्या पुलावरून पलीकडच्या तीरावर गेलें कीं चार उंच याऱ्या दिसतात. या विजेच्या याऱ्या १९५१ च्या. त्यांच्यामागच्या कोठ्यांत ‘एम शेड’ हें शहराचें वस्तुसंग्रहालय २०११ पासून आहे. वर सांगितलेला पुतळा येथें आडवा ठेविला आहे. अंगावरचा लोकांनीं फासलेला रंगही पुसलेला नाहीं. पाप लपविलें नाहीं आणि सन्मानही परत दिला नाहीं, हा मधला मार्ग मला विचार करण्याजोगा वाटतो. याच कांठावर थोडें पुढें हंसाच्या मानेसारखी वांकलेली १८७८ ची वाफेची यारी आहे. ती ३५ टन वजन उचली.

पाणी उजव्या हातास ठेवून चालत राहिलें कीं सुक्या गोदींत उभी असलेली ‘ग्रेट ब्रिटन’ ही आगबोट येते. इझाम्बार्ड ब्रुनेल या कल्पक इंजिनियरची ही कृति. १८४३ सालीं ती येथेंच तयार झाली. लांबी ३२२ फूट, सांगाडा लोखंडाचा, आणि बाजूंच्या चाकांऐवजीं पाण्याखालीं फिरणारा पंखा! एवढें मोठें जहाज तोंवर जगांत नव्हतें. परंतु मौज अशी कीं, बंदराच्या दरवाज्यांतून ती बाहेर पडेना. शेवटीं तेथील दगड काढावे लागले आणि १८४४ च्या डिसेंबरांत ती कशीबशी सुटली. पुढें तिनें हजारों लोकांना ऑस्ट्रेलियास नेलें. १८५७ च्या उठावाच्या वेळीं ब्रिटिश फौज घेऊन ती आपल्या मुंबईसही आली होती. शेवटीं फॉकलंड बेटांवर मोडीत निघालेली ही आगबोट १९७० सालीं तराफ्यावर चढवून परत आणिली आणि १९ जुलैस, म्हणजे जलावतरणाच्याच तिथीस, जन्मस्थानीं पोहोंचली. तिच्याभोंवतीं आतां कांचेचें छत असून त्यावर पाण्याचा पातळ थर असतो. छताखालची हवा यंत्रानें कोरडी ठेवितात, कारण खाऱ्या पाण्यानें जर्जर झालेलें लोखंड दमट हवेंत गंजून जाईल.

त्याच कांठानें आणखी पुढें ‘अंडरफॉल’ नांवाचें आवार लागतें. स्थिर पाण्याचा एक दोष असतो: त्यांत गाळ बसतो. १८३० नंतर ब्रुनेलनें येथें खोल मोऱ्या घालून गाळ ओहोटीच्या वेळीं बाहेर ढकलण्याची योजना केली. पाण्याची पातळी राखण्याचें काम आजही या आवारांतील मोऱ्यांवरच चालतें. तेथून दरवाज्यांवरील पूल ओलांडावा. जवळच लाल विटांच्या तीन अवाढव्य वखारी आहेत. तंबाखूवरील जकात भरेपर्यंत तो यांत कुलुपांत ठेवीत. दरीच्या दिशेस ब्रुनेलनें योजिलेला आणि त्याच्या मरणानंतर १८६४ सालीं पुरा झालेला क्लिफ्टनचा झुलता पूल दिसतो. येथून उत्तरेकडील कांठानें परत फिरावें. शेवटीं कॉलेज ग्रीन या हिरवळीपाशीं राजा राममोहन रॉय यांच्या पुतळ्यास वंदन करावें. १८३३ सालीं त्यांचें देहावसान ब्रिस्टल येथेंच झालें.

फेरी संपली, आतां तिचें मर्म सांगतों. जहाजें वाढत गेलीं आणि नदीचें वळण त्यांना अपुरें पडूं लागलें. १८७७ सालीं नदीच्या मुखाशीं एव्हनमाउथ येथें नवी गोदी झाली. शहरांतील गोदीचा व्यापार १९७५ मध्यें बंद पडला. त्याच्या थोडें आधीं पाण्याचा कांहीं भाग बुजवून रस्ते करण्याचे बेत निघाले होते. सेंटरखालीं गाडलेली फ्रोम नदी नागरिकांच्या डोळ्यांसमोर होती. त्यांनीं कसून विरोध केला आणि पाणी वांचलें. सारेंच गोड झालें असें नाहीं. कांठावर उठलेलीं नवीं घरें महाग आहेत, आणि गोदींत राबणाऱ्यांच्या वंशजांस तीं परवडतील असें म्हणवत नाहीं. पण कांठ सर्वांना मोकळा आहे, यारी यारीच्या जागीं आहे आणि पुलावर गुलामाचें नांव आहे.

हें आपण कां ऐकावें? मुंबईची प्रिन्सेस गोदी १८८० ची आणि व्हिक्टोरिया गोदी १८८८ ची. दोन्हीही भरतीचें पाणी दरवाज्यांमागें अडवूनच बांधिल्या होत्या. १९८९ सालीं न्हावाशेवा बंदर सुरू झालें आणि एव्हनमाउथनें ब्रिस्टलचें केलें तेंच त्यानें मुंबईचें केलें. आपल्या पूर्व किनाऱ्यावरील धक्क्यांचें आणि वखारींचें पुढें काय करावें, हा प्रश्न आतां आपल्या दारीं आहे. तेथें हमालांनीं पोतीं वाहिलीं. १४ एप्रिल १९४४ च्या स्फोटांत आग विझवितांना बंबवाले मेले. तेथें बागा व्हाव्यात, उपहारगृहें व्हावींत, त्यास कोणाची ना नाहीं. परंतु सामान्य माणसाला भिंतीपलीकडचा समुद्र दिसेल काय, आणि त्या वाटेवर एखादें नांव हमालाचें वा बंबवाल्याचें असेल काय, हें विचारण्याची वेळ आराखडे कागदावर आहेत तोंवरच असते. एकदां पाणी बुजलें म्हणजे खालीं काय होतें तें लोकांना सांगावें लागतें, आणि सांगणारे फार दिवस उरत नाहींत.